खाजामियाँ आणि आठ जीबीची रॅम

हदगावात बसस्टँडकडून मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं, निघालं की डाव्या हाताला 'सितारा रेडिओ' अशी पाटी दिसते. त्या दुकानात गेल्या पंचवीस वर्षांत एकही रेडिओ आलेला नाही. पाटी खाजामियाँच्या अब्बांनी लावलेली. पुढं रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीचे डबे गेले आणि कॉम्प्युटर आले, पण पाटी बदलावी असं खाजामियाँना कधी वाटलं नाही. कुणी म्हटलंच तर ते उलट विचारायचे, "गिऱ्हाईक पाटी बघून येतंय का माणूस बघून?" आणि हे त्यांचं अगदी खरं होतं. तामसा, निवघा, मनाठा, कुठल्याही गावच्या शाळेतला नाहीतर पतसंस्थेतला कॉम्प्युटर बसला की लोक तो मोटारसायकलवर मधे धरून सरळ सिताराच्या ओट्यावर आणून ठेवायचे.

दुखणं बहुधा एकच असायचं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा ठिक्कर, आणि आतून पीं पीं असा आवाज. खाजामियाँ कान देऊन दोन आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "रॅम हाय." मग डबा आडवा, झाकण बाजूला. दोन्ही टोकांच्या कड्या दाबून रॅमची पट्टी स्लॉटाच्या खाचेतून वर काढायची, सदऱ्याच्या खिशातून शाळकरी पोरांचं खोडरबर काढायचं, रॅमच्या सोनेरी दातांवर पाच-सात वेळा घासायचं, एक फुंकर मारायची आणि अंगठ्यानं खाच चाचपून रॅम परत दाबायची. टक् आवाज झाला की बटण. पडदा उजळला की ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघायची.

"ह्या माणसाच्या हाताला यश हाय," लोक म्हणायचे. आणि वर कौतुकानं सांगायचे, "बघत बी न्हाईत हो डब्यात! गप्पा मारता मारता नुसत्या बोटानं बसवतात."

बघत नव्हते, कारण त्यांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. माणूस ओळखू यायचा, रस्ता दिसायचा, पण रॅमवरची बारीक अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. हे घरात बायकोला, दिलशादबींना ठाऊक होतं, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे दुसऱ्या कुणालाही नाही. डॉक्टरकडं जायचं म्हणजे महिनाभर दुकान बंद, आणि महिनाभर दुकान बंद म्हणजे कारण सांगणं आलं. डोळ्यानं अधू झालेल्या मिस्त्रीकडं मशीन कोण देणार? म्हणून खाजामियाँ लोकांचं कौतुक मुकाट ऐकून घ्यायचे, वरून मिशीतल्या मिशीत हसायचे. ते हसणं पुढं त्यांना फार महागात पडलं.

त्यांच्या हाताखाली मनिषा नावाची एक मुलगी अडीच वर्षं काम शिकली. कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, बोलायला कमी, हाताला स्वच्छ. पहिल्याच आठवड्यात खाजामियाँनी तिला सांगितलं होतं, "आधी एक रॅम, एक स्लॉट. मग तीच रॅम दुसऱ्या स्लॉटात. मग दुसरी रॅम. मग दुसरं मशीन. एवढं केल्याबिगर कोणच्या मालाला मेला म्हणायचं न्हाई." मनिषानं ते वहीत लिहून घेतलं. पुढं तिनं तहसीलजवळ स्वतःचं दुकान टाकलं, 'मनिषा कॉम्प्युटर्स, विक्री व दुरुस्ती'. उद्घाटनाला खाजामियाँ इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि तिला नवा पेचकसांचा संच दिला. अभिमान वाटला त्यांना, खोटं कशाला बोला. पण वर्षभरात निवघ्याची शाळा तिच्याकडं गेली, मग एक पतसंस्था गेली, आणि त्या अभिमानाच्या बुडाशी थोडी जळजळ साचली. ती त्यांनी स्वतःलाही कधी कबूल केली नाही.

मोंढ्यात शिवमूर्ती म्हणून एक अडते आहेत. मूळचे उदगीरचे, पण दोन पिढ्या हदगावात. त्यांच्या अडतीवरच्या कॉम्प्युटरात मनिषानं आठ जीबीची एक नवी रॅम टाकून दिली होती. जुनी चारची होतीच, मिळून बारा. महिनाभर मशीन पळालं. आणि दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागलेले असताना, बंद पडलं. पीं पीं पीं. मनिषा त्या दिवशी माल आणायला नांदेडला गेलेली. शिवमूर्तींनी माणूस धाडला तो खाजामियाँकडं.

अडतीत पाऊल ठेवलं की शिंका येत होत्या, इतकी सोयाबीनची धूळ. मशीन कशानं बसलं ते सांगायला खाजामियाँचीच गरज नव्हती. त्यांनी डबा आडवा केला, दोन्ही रॅम काढल्या आणि तिथंच, उघड्या डब्यावर वाकून, खोडरबरानं घासल्या. बाजूला होऊन घासायचं, ही त्यांचीच शिकवण. पण भोवती पंधरा-वीस शेतकरी पोत्यांवर बसलेले, हमाल खोळंबलेले, शिवमूर्ती दर दोन मिनिटांनी "झालं का, चाचा?" म्हणणारे. कोण उठून बाजूला जातं? रॅम बसवल्या, बटण दाबलं. मशीन चालू झालं आणि सगळे हुश्श म्हणाले.

मुनीम भीमाशंकर पडद्यावर बघून म्हणाला, "चाचा, हे चारच दाखवायलंय. बारा होते की."

खाजामियाँनी चारची काढून ठेवली आणि नवी एकटीच होत्या जागेवर ठेवून बटण दाबलं. पीं पीं पीं. पुन्हा काढली, पुन्हा घासली, पुन्हा तिथंच दाबली. पीं पीं पीं. आता ती चारच्या रिकाम्या स्लॉटात घालून बघायची होती. मग दुसऱ्या मशीनमध्ये. वीस माणसांच्या नजरा पाठीवर होत्या. त्यांनी कंबर सरळ केली आणि म्हणाले, "मालच खोटा हाय."

तोंडातून शब्द गेला आणि त्याला पाय फुटले. शिवमूर्तींचा चेहरा बदलला. "म्हंजे? नवी म्हणून जुनी मारली काय आमच्या गळ्यात?" त्यांनी मनिषाला फोन लावला. ती नुकतीच नांदेडच्या बसमधून उतरली होती, खांद्यावरची पिशवी घेऊन तशीच अडतीत आली. काय झालं ते ऐकून घेतलं. मग खाजामियाँच्या हातातल्या रॅमकडं बोट करून शांतपणे म्हणाली, "चाचा, वाचा ना. त्याच्यावर जीबी, तारीख, सगळं लिहिलंय."

खाजामियाँनी रॅम उजेडाकडं धरली. जवळ आणली, लांब नेली. मुंग्यांची रांग हलली, पण अक्षर काही होईना. तेवढ्या वेळात त्यांना खरं बोलता आलं असतं. त्यांनी वाचल्यासारखा चेहरा केला, मान हलवली आणि रॅम टेबलावर टाकत म्हणाले, "लेबल वाचून काय करायचं, बाई? लेबल कुणी बी चिकटवतं. मशीन बोलतंय ते खरं."

लोक हसले. वाक्य झकास होतं, हेच वाईट झालं. कुणीतरी "वा चाचा!" म्हणालं. मनिषा हसली नाही, रडलीही नाही. ती खाजामियाँकडं बराच वेळ बघत राहिली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण "ठीक हाय" एवढंच म्हणून पिशवी उचलून निघून गेली. शिवमूर्तींनी ती रॅम खाजामियाँच्या हातात कोंबली. "घेऊन जा हे. मला नजरेसमोर नको."

हदगाव एवढंसं. ते वाक्य बाजारभर झालं. मनिषाच्या दुकानात माऊस घ्यायला आलेला माणूससुद्धा डोळा मिचकावून विचारू लागला, "लेबल खरं हाय ना, ताई?" निवघ्याच्या शाळेनं कामं काढून घेतली. पतसंस्थेनं नवीन मशीनचं सांगून ठेवलेलं रद्द केलं. दीड महिन्यात तिनं पाटीवरच्या 'व दुरुस्ती' या शब्दांवर पांढरा रंग मारला आणि झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, किरकोळ विक्री एवढंच ठेवलं. सिताराच्या ओट्यावर मात्र गर्दी वाढली. खाजामियाँच्या मनाला एक काटा टोचायचा. पण मशीनच बोललं ना, असं म्हणून ते त्याच्याकडं काणाडोळा करायचे.

डिसेंबरात त्यांची लेक जिक्रा लातूरहून आली. अब्बांनी चहाच्या कपाशेजारी बशी ठेवायला जाऊन हवेतच सोडली ते तिनं बघितलं, आणि त्यांचं काही ऐकून न घेता लातूरला घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. लोकांना सांगितलं, लेकीकडं राहायला गेलेत.

पट्टी निघाली त्या दिवशी खाजामियाँना पोरासारखा आनंद झाला. जिक्राच्या घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं त्यांनी मोठ्यानं वाचली. औषधाची बाटली वाचली, बसचं तिकीट वाचलं. हदगावला आल्यावर दुकान उघडून एकेक खण उपसून वाचत बसले. तिसऱ्या खणात, जुन्या पेचांच्या डब्याखाली, ती रॅम निघाली.

लेबलावर आठ लिहिलं होतं आणि तारीखही ताजी होती. उन्हात आणून त्यांनी लेबलाची कड नखानं तपासली. कारखान्यात लावलेलं लेबल, कुठं उचकटल्याची खूण नाही. त्यांनी ती दुकानातल्या मशीनमध्ये बसवली. पहिल्या झटक्यात पडदा उजळला. आठ.

खाजामियाँ स्टुलावर बसले ते जोहरच्या, दुपारच्या अजानपर्यंत उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते अडतीत गेले. हरभऱ्याची आवक सुरू व्हायची होती, गर्दी नव्हती. "मशीन कसं चालतंय?" त्यांनी विचारलं. शिवमूर्ती म्हणाले, "चालतंय कसलं, रांगतंय." खाजामियाँनी डबा उघडला, मोबाईलची बॅटरी लावली आणि नवी रॅम होती त्या स्लॉटात वाकून बघितलं. नव्या डोळ्यांना स्वच्छ दिसलं. स्लॉटच्या तळाशी, दोन पिनांच्या मधे, खोडरबराची एक कणी दबून बसली होती. हिरवट, तिळाएवढी. त्यांच्याच खिशातल्या खोडरबराची. त्यांनीच घासली, त्यांनीच पाडली, त्यांनीच अंगठ्यानं दाबून बसवली, आणि तिच्यापायी एका मुलीला वीस माणसांत चोर ठरवलं.

चिमट्यानं कणी काढली. कुणाचं लक्ष नव्हतं. खिशातून आणलेली आठची रॅम बसवली, बटण दाबलं, पडद्यावर बारा आलं. भीमाशंकर ओरडला, "मालक, पळायला लागलं की!"

शिवमूर्ती खूश होऊन पुढं आले. "नवी टाकली काय, चाचा?"

आणि खाजामियाँ म्हणाले, "हाव."

एवढा एकच होकाराचा शब्द. तो त्यांनी ठरवून उच्चारला नव्हता, पण परतही घेतला नाही. शिवमूर्तींनी चहा मागवला, "तुमच्या हाताची गोष्टच न्यारी" म्हणाले, आणि खाजामियाँनी तो चहा प्यायला. आधीची चूक डोळ्यांची होती म्हणता आलं असतं. आता डोळे लख्ख होते.

घरी त्यांना जेवण जाईना. आरशात तोंड बघायची लाज वाटू लागली, म्हणून दाढी राहू लागली. दुकानात कुणी "हाताला यश" म्हटलं की ते खेकसायचे, "गप बसा हो, काम करू द्या." त्यांनी आडून आडून फेड करायचा प्रयत्न केला. आलेलं गिऱ्हाईक "मनिषाकडं जा, ती माझ्याहून हुशार हाय" म्हणून तिकडं धाडायचे. गिऱ्हाईक तासाभरात परत. "ती म्हणते दुरुस्ती करत न्हाई." एकदा स्वतःच गेले. दुकानात दोन पोरी फॉर्म भरत होत्या. मनिषानं वर बघून विचारलं, "काय पाहिजे, चाचा?" आवाजात राग नाही, काही नाही. खाजामियाँच्या तोंडून निघालं, "आधारची झेरॉक्स." तिनं काढून दिली. आठवड्यात असं तीनदा झालं. घरात आधारकार्डाच्या तीन प्रती झाल्या.

दिलशादबींनी त्या प्रती बघितल्या आणि नवऱ्याला समोर बसवून सगळं काढून घेतलं. त्यांनी प्रतींची चवड एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, "चार लोकां में बोले थे ना? तो चार लोकां में च बोलो. झेरॉक्स क्या निकालते बैठे?"

हरभऱ्याचा बाजार भरला त्या सोमवारी खाजामियाँ अडतीत जाऊन उभे राहिले. तितकीच गर्दी, तीच पोती, बरेचसे तेच लोक. वाटेत त्यांचे पाय दोनदा मागं फिरले होते. त्यांनी मधोमध उभं राहून सांगायला सुरुवात केली आणि आवाज फुटेना, तेव्हा शिवमूर्तीच म्हणाले, "अरे गप रे, चाचा काय तरी बोलून राहिलेत."

"दिवाळीला मी ह्या जागी मनिषाचा माल खोटा म्हणालो," खाजामियाँ म्हणाले. "माल खरा होता. कणी माझ्या रबरची अडकली होती. लेबल मला वाचताच आलं न्हाई, मला दिसत नव्हतं. वाचल्याचं सोंग केलं मी. आणि शिवमूर्तीशेठ, मागल्या महिन्यात नवी म्हणून टाकली ती तिचीच रॅम हाय. ते बी मी खोटं बोललो."

मग जे झालं त्यासाठी खाजामियाँची तयारी नव्हती. शिवमूर्तींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या हो, चाचा. वय झालं, व्हतं असं." एक शेतकरी म्हणाला, "एवढं मोठं मन कुणाचं असतंय आजकाल?" कुणी स्टूल दिलं, कुणी पाणी. मनिषाचं नाव कुणीच काढलं नाही. दोन मिनिटांत मोंढ्यानं खाजामियाँना माफ करून टाकलं, जणू घाव मोंढ्यालाच लागला होता.

खाजामियाँनी स्टूल बाजूला सारलं. "मला कायचं पाणी पाजता? तिला जाऊन सांगा," असं जरा चिडूनच म्हणाले, आणि तसेच तहसीलकडं चालू लागले.

मनिषा एकटीच होती. खाजामियाँ आत आले, पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. मघाशी वीस माणसांत जे जमलं ते इथं एका माणसापुढं जमेना, वाक्यं तुटत होती. शेवटी म्हणाले, "मला दिसत नव्हतं, बेटा. हे कुणालाच म्हाईत नव्हतं."

"मला माहिती होतं," मनिषा म्हणाली.

खाजामियाँनी झटकन मान वर केली.

"अडीच वर्षं बसले मी तुमच्या शेजारी. पेच पडला की तुम्ही हातानं चाचपायचे. मला कळणार न्हाई का?"

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? एवढं म्हणली असतीस, 'चाचांना दिसत न्हाई,' तर तिथंच सुटली असतीस तू."

"आणि तुमच्या दुकानात दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं?"

बाहेर तहसीलच्या आवारात कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. खाजामियाँ आता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. ज्या गुपितासाठी त्यांनी तिची अब्रू वीस माणसांत उधळली, ते गुपित तिनं स्वतःच्या अब्रूवर सांभाळलं होतं. मोंढ्यात कबुली देऊन अर्धं ओझं उतरलं असं त्यांना येताना वाटत होतं. ते काही उतरलेलं नव्हतं. ते केवढं आहे हे आत्ता कळत होतं.

"पण मग 'वाचा' का म्हणलीस मला?" त्यांनी कसंबसं विचारलं. "ठाऊक होतं तर?"

मनिषा टेबलावरचे कागद सारखे करत होती. तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

"दुकानात रोज म्हणायचे की तुम्ही. 'माझा हात गुंतलाय, मनिषा, तूच वाच.' मला वाटलं, तसंच म्हणाल."